बाईच्या नावाचा कागद कोण बघतंय

करंजवाडीच्या टेकडीवर कॉलेज झालं आणि लवळ्याकडून वर चढणारा डांबरी रस्ता आला. मागोमाग रिक्षा आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या, पोरापोरींची वसतिगृहं आली. ज्या वावरात तुळजाबाईनं उभा जन्म नाचणी लावली, त्याच वावरात मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर उभं राहिलं. आणि त्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला कोण? तुळजाबाईच. जमीन गेलेल्यांच्या घरात एक नोकरी देऊ, असं कॉलेजनं म्हटलं होतं, ती नोकरी हीच. बाईला त्याचं काय वाटतं असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "काय वाटायचं? आपल्याच रानात हाय की मी." एवढ्यावर ती खूश होती. येडी बाई!

पण भाकरी मात्र अशी करायची की लातूर-नांदेडकडच्या पोरी ताट घेऊन तिच्यापाशी घुटमळत राहायच्या. "मावशी, करपलेली द्या ना," म्हणायच्या. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा तरणाताठा गेला होता. मावशी म्हटलं की ती विरघळायची आणि ताटात एक जास्तीची भाकरी पडायची. काम आटोपलं की गेटापाशी जाऊन जांभळीखाली बसायची. ती जांभूळ तिनंच लावलेली, बांधावर, लग्न होऊन आली त्या साली. कॉलेजनं सगळं सपाट केलं, पण गेटाशी शोभा येते म्हणून जांभूळ ठेवली. तुळजाबाईला वाटायचं, आपल्यासाठीच ठेवली.

त्या सुखाला दृष्ट लागली ती २००९ साली. त्याआधीच्या वर्षी मुंबईत ते सगळं आक्रित घडलं आणि जिकडेतिकडे तपासण्या सुरू झाल्या. कॉलेजनं फर्मान काढलं: गेटाच्या आत जो कुणी काम करतो त्याची पोलिसांकडून पडताळणी व्हायला पाहिजे. कधी अटक झालेला माणूस आत चालणार नाही. झाडूवाला असो, माळी असो, नाहीतर स्वयंपाकीण.

बाकीच्या बायका टरकल्या. तुळजाबाई हसली. "मला कशाची भीती? ठेका कुणाचा हाय? शेखरचा. माझ्या शेखरचा."

खरंच होतं ते. गेटावरचे रखवालदार, झाडलोट, स्वयंपाकघरातली माणसं, सगळा ठेका शेखरकडे. शेखर म्हणजे तिचा धाकटा दीर दादासाहेब, त्याचा पोरगा. पोर जन्मलं आणि आई गेली. तुळजाबाईनं त्याला पदराखाली घेतलं, शेळीच्या दुधावर वाढवलं, गोवर आला तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली. तो तिला मोठी आय म्हणायचा. दादासाहेब वहिनी म्हणायचा आणि पोराकडे बघायचा नाही. एवढंच असतं तरी तिनं त्या पोरावर हक्कानं भरवसा टाकला असता. पण तिनं त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आठ वर्षांमागं, २००१ साली, टेकडीवर पहिल्यांदा जेसीबी चढला. डेव्हलपरनं भावकीतल्या एकाचा तुकडा घेतला होता आणि लागला होता सगळ्यांचेच बांध उकरायला. गाव पेटला. मारुतीच्या देवळात बैठक बसली. जेसीबीपुढं आडवं बसायचं, एवढं ठरलं. पण बसायचं कुणी? तेव्हा दादासाहेबानं मिशीवरून हात फिरवला आणि तोंड उघडलं.

"गडीमाणूस फुडं झाला की त्याच्या नावाला डाग लागतुया. पोरांच्या भरत्या तोंडावर हायेत. शेखरनं पोलिसात फॉर्म भरलाय. बाया बसू द्या. बाईच्या नावाचा कागद कोण बघतंय?"

व्हय व्हय, असं सगळे म्हणाले. आणि गंमत बघा, बायांनाही पटलं! पटणारच. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं. रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली कुठंतरी. लग्नपत्रिकेत ते नाव एकदा छापलं, ते सुद्धा सासरी आल्यावर बदललं. चांगल्या कागदाला ज्यांचं नाव चालत नाही, त्यांना वाटलं, वाईट कागदालाही चालत नसेल. अशा हिशेबानं त्या डोक्यावर पदर घेऊन जेसीबीपुढं जाऊन बसल्या. सगळ्यांच्या पुढं तुळजाबाई. मागं देवळाच्या पारावर गडीमाणसं, तंबाखू मळत.

पोलीस आले, समजावू लागले. सगळं गुमान चाललं होतं. तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागून एक दगड सुटला आणि जेसीबीवाल्याच्या कपाळावर बसला. ते परमुलखातलं पोर, रक्तानं तोंड भरलं आणि खाली कोसळलं. तुळजाबाईनं वळून बघितलं. जाळीमागं शेखर. हात अजून वरच, तोंड पांढरंफटक.

"दगड कुणी मारला?" साहेब ओरडला.

साहेबाची नजर जाळीकडे वळायला लागली. तेव्हा तुळजाबाई उठली. "म्या मारला," म्हणाली.

झालं. बाकीच्या बायांना संध्याकाळी ठाण्यातून तसंच सोडून दिलं. तुळजाबाई मात्र येरवड्याला गेली. तिथं ती काय भोगून आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणायची की पोराला भाकरी कोण घालत असंल, याचाच जीवाला घोर होता. महिन्यानं जामीन झाला. पुढं कोर्टातही ती सुटली, कारण जेसीबीवाला मुलखाला निघून गेला तो साक्षीला आलाच नाही.

ती सुटून आली तेव्हा दादासाहेब जमिनीचा सौदा करून मोकळा झाला होता. तिला म्हणाला, "वहिनी, तुमी आत गेलात म्हणून भाव चढला बरं का." हसत म्हणाला. आणि ती बाई, ती येडी बाई, त्याला कौतुक समजली. शेखर पायावर पडून ढसाढसा रडला. "मोठी आय, मरेस्तवर इसरायचो न्हाई."

विसरला नाही तो. त्याचं दुसरंच झालं. भरतीत छाती कमी भरली, पोलीस काही झाला नाही. मग बापाच्या पैशावर रखवालदार पुरवायचा धंदा काढला, निळा ड्रेस शिवला, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. नावावर एक डाग नाही म्हणून कॉलेजचा ठेका मिळाला. लग्न झालं. बायको स्नेहल चांद्याची, शिकलेली. तिनं आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. मुलीच्या बारशाला तुळजाबाई पाळण्याकडे सरकली तर स्नेहल सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही नको हो. तुरुंगातून आलेला हात, लेकराला लावू नका." शेखर तिथंच उभा होता. त्यानं पाळण्याची दोरी सारखी केली आणि दुसरीकडे बघितलं. त्या दिवसापासून तुळजाबाई घरात कमी आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जास्त राहायला लागली. घर म्हणाल तर आता तिला तेवढंच उरलं होतं.

आता कळलं ना, पडताळणीचं ऐकून ती का हसली?

शेखर सगळ्यांची नावं घेऊन ठाण्यात गेला. काही दिवसांनी उत्तर आलं. त्यानं तिला गेटाजवळच्या केबिनमध्ये बोलावलं. स्वतः खुर्चीत, ती उभी.

"मोठी आय, तुझं नाव निघालं."

"कशात?"

"अटक केलेल्यांच्यात. सगळ्यांची नावं कोरी, तुझ्या एकटीच्या नावावर हाय. दगडफेक, दुखापत. उद्यापास्नं येऊ नकोस."

ती हसायलाच लागली. वाटलं, थट्टा करतोय. "आरं बाळा, पण त्यो दगड तर..."

"हळू बोल!" शेखरनं उठून केबिनचं दार लावलं. "हितं नाव काढायचं न्हाई त्याचं. वरनं हुकूम हाय, मी काय करू? ठेका जाईल माझा. घरी बस, दोन घास मिळतील."

"माझं नाव गाळायचं हुतंस की यादीतनं. नायतर साहेबाला सांग, सुटलीया ती. कोर्टानं सोडलं मला."

"कागद हाय का सुटल्याचा?"

कागद कुठला? सुटले म्हणजे सुटले. सुटल्याचाही कागद जपून ठेवायचा असतो हे तिला कोण सांगणार? खटल्याचं सगळं दादासाहेबानं बघितलं होतं. तिनं रात्रीच्या जेवणाला जाऊन दादासाहेबाला विचारलं. तो म्हणाला, "कवाच फेकला असंल. घर रंगवलं तवा." आणि ताटातलं कालवण भुरकायला लागला.

पण बाई चिवट. तिनं क्षितिजाला धरलं. क्षितिजा लातूरची, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाची, करपलेल्या भाकरीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. तापानं फणफणली होती तेव्हा तुळजाबाईनं तिला पेज भरवली होती. पोरगी हुशार आणि मनानं चांगली. म्हणाली, "मावशी, घाबरू नका. आता माहितीचा अधिकार आहे. अटकेची नोंद कुणालाही मागता येते. तुम्ही सुटलात हे त्यात असणारच." तिनं अर्ज लिहिला, दहाचं तिकीट चिकटवलं, आणि रिक्षानं तुळजाबाईला घेऊन स्वतः ठाण्यात देऊन आली. परत येताना दोघींनी भेळ खाल्ली. तुळजाबाईला कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

महिन्यानं उत्तर आलं. क्षितिजानं वाचून दाखवलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. तुळजाबाईचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, वय, गाव, उजव्या गालावर तीळ, सगळं अगदी बारकाईनं. गुन्हा कबूल केल्याचं होतं. निकालाच्या पुढं लिहिलं होतं, माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. आणि त्या दिवशी अटक झालेल्यांत दुसऱ्या एकाही बाईचं नाव नव्हतं.

"अगं, समद्या हुत्या की! गंगूबाई हुती, शारदा हुती..."

"त्यांची नोंदच केली नाही, मावशी. कागदावर तुम्ही एकट्याच होतात."

तुळजाबाईनं तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. काही का असेना, आपलं नाव कुणीतरी एवढं नीट लिहून ठेवलंय, याचं तिला क्षणभर नवलच वाटलं.

क्षितिजा म्हणाली, कोर्टात जाऊन निकाल शोधू या. पण जुना निकाल शोधायला वेळ लागणार होता, आणि हिच्या जागी नवी बाई आठवड्यात येणार होती. मग तुळजाबाईनं ते केलं जे करायचं नाही अशी तिनं स्वतःच्या गळ्याची शपथ घेतली होती. ती प्रशासन अधिकाऱ्याकडे गेली. दयानंद साहेब नांदेडकडचे, मवाळ बोलणारे, कुणाला दुखवायचं नाही अशा वळणाचे. त्यांनी शेखरलाही बोलावून घेतलं. तुमच्याच घरातल्या आहेत, म्हणाले, समोरासमोर होऊन जाऊ दे.

तुळजाबाईनं शेखरकडे बघितलं. तो टेबलावरच्या काचेत बघत होता.

"साहेब," ती म्हणाली, "त्यो दगड म्या मारला न्हाई. ह्यानं मारला. ह्या शेखरनं. ह्याची भरती हुती म्हणून म्या अंगावर घेतला."

तिला वाटलं, आता आभाळ फाटणार. पोराच्या हातात बेड्या पडणार. आपण हे काय करून बसलो! तिला तो जाळीमागचा पांढराफटक चेहरा दिसला आणि तोंडातून निघालेला शब्द परत गिळावा असं झालं.

आणि झालं काय? काही नाही! दयानंद साहेबांनी फाईल उघडली, शेखरचा कागद काढला, चष्मा सारखा केला. "यांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे बाई. अटक नाही, गुन्हा नाही."

"पर मारला त्यानं!"

"असेल हो. मी नाही म्हणत नाही. पण आम्हाला कुणी काय केलं ते विचारलेलंच नाही. अटक झाली होती का, एवढंच विचारलंय. तुमची झाली होती. यांची झाली नव्हती." मग अगदी मायेनं म्हणाले, "चहा घेणार का?"

बाहेर आल्यावर जिन्यात शेखरनं तिच्या गळ्यात अजून असलेलं ओळखपत्र ओढलं. दोरी मानेला काचली.

"मला आत घालायला निघालीस? पोटचा असतो तर घातलं असतंस?"

गावात तो तिच्या आधी पोचला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला माहीत झालं की थोरलीनं पुतण्याच्या अन्नात माती कालवायला साहेबाकडं कागाळी केली. गंगूबाई, जी त्या दिवशी तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती, ती पाणवठ्यावर तोंड फिरवून गेली. स्नेहलनं तिचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं. दादासाहेब ओसरीवरून म्हणाला, "तुमी असं करायला नगं हुतं वहिनी. पोराच्या नावाला डाग लागला असता." डाग! त्याच्या तोंडून तोच शब्द, तोच, आठ वर्षं तोंडात मुरवलेला.

तुळजाबाई गोठ्यात राहिली. दोन घास मिळत होते, तेवढा शब्द शेखरनं पाळला. पण बाईला स्वयंपाकघराचा ध्यास सुटेना. हात रिकामे राहिले की आपोआप थापल्यासारखे हलायचे.

मग जून आला. जांभळी पिकल्या. एका सकाळी ती टोपली घेऊन टेकडी चढली. आत जायचं नव्हतं तिला. गेटाच्या बाहेरच्या अंगाला जांभळांचा सडा पडतो, तेवढी वेचायची आणि पोरींपैकी कुणी बाहेर आली तर तिच्या हातावर ठेवायची, एवढाच विचार. पदर खोचून ती वाकली. गेटाजवळ एक रिक्षा उभी होती, आत क्षितिजा बसली होती, सामानाच्या बॅगा घेऊन. परीक्षा संपली होती, हिंजवडीला नोकरी लागली होती. तिनं हात हलवला. तुळजाबाईनं मूठभर जांभळं निवडून पदरात बाजूला काढली.

शेखर केबिनमधून बाहेर आला. त्या दिवशी संचालक यायचे होते, त्यानं ड्रेसला इस्त्री मारली होती.

"ऊठ हितनं."

"बाहीरच हाय मी, बाळा. जांभळं येचतीया."

"झाड कॉलेजचं हाय. ऊठ!"

"झाड म्या लावलंय."

नवे रखवालदार बघत होते. त्यातला एक फिसकन हसला. ते हसू शेखरला झोंबलं. त्यानं खाली वाकून दगड उचलला आणि उकिरड्यावरच्या कुत्रीला हाकलावं तसा तिच्या अंगावर भिरकावला. "हाड्! हाड् म्हणतोय ना!"

तुळजाबाई बाजूला झाली. दगड तिच्या कानाजवळून गेला आणि वळणावरून वर येणाऱ्या संचालकांच्या गाडीची पुढची काच खळ्ळकन फुटली.

सगळं थांबलं. चालकाच्या गालात काच घुसली होती. संचालक गाडीतून उतरले, लाल झालेले. शेखरचा हात अजून वरच होता, तोंड पांढरंफटक. तुळजाबाईनं ते तोंड ओळखलं. जन्मभर ओळखलं असतं.

मग शेखरनं हात खाली घेतला, तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "सर, हिनं मारला. कामावरनं काढली म्हणून."

रखवालदारांनी माना हलवल्या. त्यांची पोटं शेखरच्या हातात.

पोलिसांची जीप आली. हवालदार कोंढरे उतरला. तो नवा, आठ वर्षांमागचं त्याला काही ठाऊक नव्हतं. तुळजाबाई धावत रिक्षापाशी गेली आणि तिनं क्षितिजाचा हात धरला. "हिनं बघितलंय साहेब! माझ्या लेकीवानी हाय, खोटं बोलायची न्हाई. सांग गं बाई, दगड कुणी मारला?"

क्षितिजाचे डोळे भरून आले. तिनं सगळं बघितलं होतं. हवालदारानं खिशातून वही काढली. "नाव सांगा मॅडम. पूर्ण नाव, पत्ता. साक्षीला बोलवावं लागेल."

क्षितिजानं त्या वहीकडे बघितलं. मग हळूच आपला हात सोडवून घेतला.

"माझं नाव नका लिहू, प्लीज. माझं कंपनीचं व्हेरिफिकेशन चालू आहे." आणि खाली बघून म्हणाली, "मी मोबाईलमध्ये बघत होते. मला काही दिसलं नाही."

रिक्षा उताराला लागली. तुळजाबाईच्या पदरातली जांभळं तशीच राहिली.

ठाण्यात तिला बाकावर बसवलं. शेखर फिर्याद द्यायला आला होता, तो खुर्चीत. हवालदार दुष्ट नव्हता, तिला आजी म्हणत होता, पाणी दिलं.

"आजी, खरं सांगा. दगड कुणी मारला?"

"शेखरनं."

"हे म्हणतात तुमी मारला. गेटावरची समदी म्हणत्यात."

"साहेब, वाईच थांबा," शेखर मधेच म्हणाला. आवाज अगदी मऊ. "हिची मागची केस बघा. हितलीच हाय."

तुळजाबाईला वाटलं, बरं झालं. मागचं बघू देत, म्हणजे आपण सुटलो होतो हेही कळेल. तिनं घाईघाईनं कमरेची पिशवी सोडली आणि माहितीच्या अधिकारातला तो कागद, घामानं मऊ झालेला, स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवला. "हे बघा. समदं हाय ह्यात."

हवालदारानं वाचला. पुन्हा वाचला. "ह्यात तर दगडच हाय की आजी. आणि कबूल केलंय तुमी."

"तवा म्या खोटं बोलले हुते. दगड तवाबी ह्यानंच मारला हुता."

"म्हंजे तुमी पोलिसांपुढं खोटं बोललात?"

"व्हय."

"आणि आता खरं बोलताय?"

"व्हय, साहेब. देवाशपथ."

हवालदारानं पेन टेबलावर ठेवलं आणि सुस्कारा टाकला. "आजी, मागचं खरं धरलं तर तुमी दगड मारणाऱ्या. मागचं खोटं धरलं तर तुमी खोटं बोलणाऱ्या. आता कसं करायचं तुमीच सांगा?"

तुळजाबाईनं शेखरकडे बघितलं. शेळीचं दूध पाजलेलं, मांडीवर झोपवलेलं ते पोर, नीट इस्त्रीच्या ड्रेसात, तिच्याकडे बघत होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. काम लवकर उरकावं, एवढंच होतं.

"मोठी आय," तो हळूच म्हणाला, "म्हण की. मागं म्हणालीस तसं. बाईच्या नावाचा कागद कोण बघतंय?"

तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली, जोरात हलवली. "म्या मारला न्हाई," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या ओट्यावरची माणसं आत डोकावली. "म्या मारला न्हाई! ऐकताय का? न्हाई मारला!"

"ऐकतोय," हवालदार म्हणाला. त्यानं अटकेची वही जवळ ओढली. तिचं नाव त्यानं विचारलं नाही. तिनंच आणून दिलेला कागद समोर होता, त्यावरून बघून बघून त्यानं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, उजव्या गालावरचा तीळ, सगळं उतरवून घेतलं. फक्त वय तेवढं आठ वर्षांनी वाढवलं.